शिंकताना लघवी जाणं, अंग बाहेर येणं: पाळी जाण्याच्या वयात हा त्रास का वाढतो?

शिंक येतेय असं वाटलं की आधी पाय आवळून घ्यायचे. लग्नाला गेलं की सगळ्यात आधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवायचं. एसटीचा लांबचा प्रवास असेल तर सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. आणि बाहेर जाताना शक्यतो गडद रंगाचेच कपडे घालायचे.

पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी बायका हे सगळं वर्षानुवर्षं करत असतात आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: "वय झालं, आता हे चालायचंच."

हा त्रास खूप जणींना होतो, हे खरं आहे. पण तो सोसायलाच हवा, हे खरं नाही. यातल्या बहुतेक तक्रारींवर उपाय आहेत आणि त्यातले बरेचसे बिनऑपरेशनचे आहेत. अडचण अशी की वरून सारख्या दिसणाऱ्या या तक्रारींची कारणं वेगवेगळी असतात. काहींमागे हार्मोन्स असतात, काहींमागे स्नायूंची झीज, तर काहींमागे दोन्ही. कारण ओळखलं नाही तर उपाय चुकतो. म्हणूनच हे सगळं नीट समजून घेऊ या.

पेल्विक फ्लोअर म्हणजे नेमकं काय?

समोर ओटीपोटाखाली एक हाड असतं आणि मागे पाठीच्या कण्याच्या टोकाला माकडहाड. या दोन हाडांच्या मध्ये स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. तिलाच डॉक्टर पेल्विक फ्लोअर म्हणतात. मराठीत ओटीपोटाचा तळ म्हणता येईल.

या झोळीवर तीन अवयव विसावलेले असतात: पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय आणि मागे गुदाशय. झोळीतून तीन वाटा बाहेर पडतात: लघवीची, योनीमार्गाची आणि शौचाची.

झोळीची कामं मुख्यतः तीन. वरच्या अवयवांना आधार देणं, लघवी, शौच आणि गॅस अडवून धरणं आणि योग्य वेळी सैल होऊन त्यांना वाट करून देणं. शरीरसंबंधाच्या वेळच्या संवेदनेतही या स्नायूंचा वाटा असतो.

आपण खोकतो, हसतो, पाण्याची कळशी उचलतो तेव्हा पोटातला दाब एकदम वाढतो. निरोगी झोळी त्याच क्षणी आपोआप आवळली जाते आणि लघवी थांबते. हे इतकं सहज होतं की ते बिघडेपर्यंत अशी काही यंत्रणा आपल्या शरीरात आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही.

पाळी जाताना शरीरात काय घडतं?

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं. युरोप-अमेरिकेत ते सरासरी ५१ व्या वर्षाच्या आसपास होतं. म्हणजे आपल्याकडच्या बायका या टप्प्यावर काही वर्षं आधी पोहोचतात आणि आयुष्याचा मोठा काळ पाळी गेल्यानंतर जगतात.

मात्र बदल त्याच्या काही वर्षं आधीपासून सुरू होतात. पाळी मागेपुढे होते, कधी खूप जाते, कधी दोन-दोन महिने येत नाही. या काळात अंडाशयातून तयार होणाऱ्या इस्ट्रोजेनचं प्रमाण कधी चढतं, कधी उतरतं आणि शेवटी कायमचं खाली येतं. प्रोजेस्टेरॉनही कमी होतं. पुरुषांचं म्हणून ओळखलं जाणारं टेस्टोस्टेरॉन बायकांच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतं. तेही वयानुसार हळूहळू घटत जातं.

ओटीपोटाच्या तळाशी सर्वात जास्त संबंध येतो तो इस्ट्रोजेनचा.

इस्ट्रोजेन कमी झाल्यावर खाली काय बदलतं?

इस्ट्रोजेनचं काम फक्त पाळी आणि गर्भधारणेपुरतं नसतं. योनीमार्ग, मूत्रनलिका, मूत्राशयाचा खालचा भाग आणि अवयवांना धरून ठेवणारे तंतू या सगळ्यांमध्ये इस्ट्रोजेनचा संदेश ओळखणाऱ्या जागा असतात. संदेश येणं थांबलं की या सगळ्या भागांत बदल होतात.

पहिला बदल अस्तरात होतो. योनीमार्गाची आतली त्वचा पातळ, कोरडी आणि नाजूक होते. तिथला रक्तपुरवठा कमी होतो. जळजळ, खाज आणि शरीरसंबंधाच्या वेळी दुखणं सुरू होतं.

दुसरा बदल मूत्रनलिकेत होतो. तिच्या आत मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेलं अस्तर असतं. ते एकमेकांना चिकटून नलिका बंद ठेवायला मदत करतं. नळाच्या आतला वायसर जसा काम करतो, तसंच काहीसं. वायसर सुकला की नळ कितीही घट्ट फिरवला तरी थेंब गळत राहतात. इथेही तसंच होतं.

तिसरा बदल तिथल्या जिवाणूंमध्ये होतो. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयुक्त जिवाणू असतात. ते तिथल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्यामुळे तो भाग आम्लधर्मी राहतो, म्हणजे त्याचा पीएच साधारण ३.५ ते ४.५ असतो. इस्ट्रोजेन घटलं की हे जिवाणू कमी होतात आणि पीएच पाचच्या वर जातो. मग शौचाच्या जागेकडचे त्रासदायक जिवाणू तिथे सहज वाढतात आणि मूत्राशयापर्यंत पोहोचतात. साठीच्या पुढे पुन्हा पुन्हा उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

चौथा बदल आधार देणाऱ्या तंतूंमध्ये होतो. त्यांतलं कोलॅजन कमी होतं आणि त्यांची ताकद घटते.

या सगळ्या तक्रारींना २०१४ पासून डॉक्टरांनी एकच नाव दिलं आहे: जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज, थोडक्यात जीएसएम. त्याआधी याला फक्त योनीमार्गाचा कोरडेपणा समजलं जायचं. नव्या नावामुळे लघवीच्या तक्रारीही त्याच साखळीतल्या आहेत, हे स्पष्ट झालं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाळी जातानाचे गरम वाफांचे झटके बहुतेकींना काही वर्षांनी कमी होतात. जीएसएमचं तसं नसतं. उपचार केले नाहीत तर तो आपणहून बरा होत नाही, उलट हळूहळू वाढतो.

मग सगळा दोष हार्मोन्सचाच का?

नाही. झोळीला सगळ्यात मोठा ताण बसतो तो बाळंतपणात. बाळ योनीमार्गातून बाहेर येताना स्नायू त्यांच्या मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात. काही वेळा ते हाडापासून सुटतात, काही वेळा नसांना इजा होते. बाळ मोठं असेल, कळा खूप वेळ चालल्या असतील किंवा चिमटा लावून प्रसूती झाली असेल तर धोका जास्त.

तरुणपणी शरीर ही इजा भरून काढतं किंवा झाकून ठेवतं. बाकीचे स्नायू आणि तंतू भार उचलतात. पाळी जाण्याच्या सुमारास स्नायूंची ताकद वयानुसार घटते, त्यातच इस्ट्रोजेनचा आधार जातो आणि पंचवीस वर्षांपूर्वीची जुनी इजा वर येते. म्हणूनच "इतकी वर्षं काही नव्हतं, आता अचानक कसं?" असा प्रश्न अनेकींना पडतो.

त्यात आणखी भर पडते ती या गोष्टींची: वर्षानुवर्षं जड ओझी उचलणं, जुनाट खोकला किंवा दमा, बद्धकोष्ठता आणि त्यामुळे रोज कुंथणं, वाढलेलं वजन. मधुमेह असेल तर लघवी जास्त होते, संसर्ग वारंवार होतो आणि मूत्राशयाच्या नसांवरही परिणाम होतो. बाळंतपण होऊन चौथ्या-पाचव्या दिवशी शेतात किंवा घरकामाला लागलेल्या बाईच्या झोळीला तर सावरायला वेळच मिळालेला नसतो.

आपला त्रास नेमका कोणता, हे कसं ओळखायचं?

डॉक्टरांकडे जाण्याआधी या वर्णनांशी आपला त्रास जुळवून पाहा.

* दाबाने लघवी जाणं: खोकताना, शिंकताना, हसताना, ओझं उचलताना थेंब जातात. घाईची जाणीव आधी होत नाही. यात स्नायूंचा आणि मूत्रनलिकेचा आधार कमी पडलेला असतो.
* घाईने लघवी जाणं: एकदम जोराची लघवी लागते आणि बाथरूमच्या दारापर्यंत पोहोचेपर्यंत धीर धरवत नाही. कुलूप उघडताना किंवा नळाचा आवाज ऐकूनही असं होतं. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. यात मूत्राशय वेळेआधीच आकुंचन पावत असतं.
* दोन्ही एकत्र: या वयात हे खूप जणींना होतं.
* अंग बाहेर येणं: योनीमार्गात काहीतरी खाली उतरल्यासारखं, गोळा आल्यासारखं वाटतं. ओटीपोट जड होतं, कंबर ओढते. संध्याकाळी त्रास वाढतो, आडवं पडलं की बरं वाटतं. खाली येतं ते गर्भाशयच असेल असं नाही. मूत्राशय किंवा गुदाशयही योनीमार्गाच्या भिंतीसकट खाली येऊ शकतं.
* कोरडेपणा आणि जळजळ: खाज, शरीरसंबंधात वेदना, लघवीला आग, वारंवार संसर्ग.
* स्नायू फार आवळलेले असणं: काही जणींची झोळी सैल पडण्याऐवजी सतत ताठ राहते. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला साफ होत नाही, ओटीपोटात दुखत राहतं. कोरडेपणामुळे दुखण्याची भीती बसते आणि त्या भीतीनेही स्नायू आवळले जातात.

तीन दिवस एक साधी नोंद ठेवा: किती वाजता पाणी-चहा घेतला, किती वाजता लघवीला गेलात, कधी थेंब गेले आणि तेव्हा काय करत होतात. या एका कागदावरून डॉक्टरांना बरंच काही कळतं.

हार्मोन्स कमी झालेत, मग हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की झालं?

ऐकायला सोपं वाटतं, पण इथेच एक गंमत आहे.

अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासात पाळी गेलेल्या २७ हजारांहून अधिक स्त्रियांवर हार्मोनच्या गोळ्यांची चाचणी झाली. २००२ मध्ये त्यातला एक भाग मुदतीआधीच थांबवण्यात आला, कारण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला. त्यानंतर जगभर हार्मोन उपचारांची धास्ती बसली.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट २००५ मध्ये पुढे आली. लघवीचा त्रास कमी होईल अशी अपेक्षा होती. घडलं उलटंच. ज्यांना आधी काहीच त्रास नव्हता, अशा स्त्रियांमध्ये गोळ्या घेणाऱ्यांना वर्षभरात दाबाने लघवी जाण्याचा त्रास जवळपास दुप्पट प्रमाणात सुरू झाला. म्हणून आज फक्त लघवी अडवण्यासाठी तोंडावाटे हार्मोन दिले जात नाहीत.

मग इस्ट्रोजेन निरुपयोगी आहे का? तसंही नाही. तेच औषध योनीमार्गात क्रीम किंवा गोळीच्या रूपात अगदी कमी मात्रेत वापरलं की चित्र बदलतं. अस्तर पुन्हा जाड आणि ओलसर होतं, आम्लता परत येते, लघवीची घाई कमी होते. १९९३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इस्ट्रिओल क्रीम वापरणाऱ्यांमध्ये संसर्गाचं प्रमाण वर्षाला सरासरी ०.५ होतं, तर साधी क्रीम वापरणाऱ्यांमध्ये ते ५.९ होतं. म्हणजे दरवेळी अँटिबायोटिक घेण्याऐवजी मूळ कारणावरच इलाज करता येतो.

हे औषध सहसा पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा वापरायला सांगतात. फरक जाणवायला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात. बंद केलं की त्रास परत येऊ शकतो.

कमी मात्रेतलं हे औषध रक्तात फारच थोडं उतरतं. तरीही त्याच्या पाकिटावर गोळ्यांसाठीचेच इशारे छापलेले असायचे आणि ते वाचून अनेक जणी ट्यूब न उघडताच ठेवून देत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये या उत्पादनांवरची ठळक चेतावणी काढण्याचा निर्णय जाहीर केला. मात्र स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध वापरू नये. आणि कोणत्याही परिस्थितीत मैत्रिणीच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणून सुरू करू नये.

एक मर्यादाही माहीत असायला हवी. क्रीममुळे अस्तर सुधारतं. खाली आलेलं गर्भाशय त्याने वर जात नाही आणि सुटलेला स्नायू जोडला जात नाही.

हार्मोन नकोच असेल तर नियमित लावायचे बिनहार्मोनचे मॉइश्चरायझर आणि शरीरसंबंधाच्या वेळी वापरायचे ल्युब्रिकंट मिळतात. साध्या कोरडेपणासाठी त्यांचा चांगला उपयोग होतो. सुगंधी साबण आणि 'इंटिमेट वॉश' मात्र टाळलेले बरे, त्यांनी जळजळ वाढू शकते.

व्यायामाने खरंच फरक पडतो का?

पडतो. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंचे व्यायाम मांडले. आजही दाबाने लघवी जाण्यावर जगभर पहिला उपाय म्हणून हेच सुचवले जातात. योगासनं करणाऱ्यांना मूलबंध माहीत असेल. त्यातलं आकुंचन बरंचसं असंच असतं.

स्नायू ओळखायचा असा: चारचौघांत बसलेलो असताना गॅस अडवायचा आहे अशी कल्पना करा आणि ती जागा आत आणि वर ओढून घ्या. पोट, मांड्या किंवा कुल्ले आवळायचे नाहीत. श्वास चालू राहिला पाहिजे.

* स्नायू आत ओढून पाच ते दहा सेकंद धरा. सुरुवातीला तीन सेकंदच जमले तरी चालेल.
* तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. सैल सोडणं हाही व्यायामाचा भाग आहे.
* असं किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा करा.
* त्यानंतर काही वेळा पटकन आवळा, पटकन सोडा.
* खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं, ओझं उचलायचं असलं, की आधी स्नायू आवळा. फक्त एवढ्या युक्तीनेही अनेकींचं थेंब जाणं कमी होतं.

किमान तीन महिने नेटाने करायला हवं. आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडून देणाऱ्या बऱ्याच असतात.

दोन चुका टाळा. लघवी करताना मध्येच थांबवण्याचा व्यायाम रोज करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागू शकते. आणि आत ओढण्याऐवजी खाली जोर देऊ नका. खूप जणींचं नेमकं हेच चुकतं, म्हणून शक्य असेल तर पेल्विक फ्लोअरचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. ज्यांचे स्नायू आधीच आवळलेले आहेत, त्यांनी केगेल केल्यास दुखणं वाढतं. त्यांना सैल सोडायला शिकावं लागतं. रील बघून सगळ्यांनी एकच व्यायाम करायचा, हे इथे चालत नाही.

लघवीच्या घाईसाठी मूत्राशयाला सवय लावतात. जोराची घाई आली की धावत सुटायचं नाही. जागेवर थांबायचं, स्नायू काही वेळा आवळायचे, घाई ओसरली की शांतपणे जायचं. दोन वेळांमधलं अंतर १०-१५ मिनिटांनी हळूहळू वाढवायचं. किमान सहा आठवडे हे करून पाहतात. एवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत. त्यातल्या काहींनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते आणि जास्त वयात विसराळूपणा वाढू शकतो, म्हणून ती विचारून निवडावी लागतात.

वजनाचाही मोठा वाटा असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात जास्त वजनाच्या स्त्रियांनी सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलं आणि त्यांचं लघवी जाण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलं. ज्यांना फक्त माहिती दिली होती, त्यांच्यात ते २८ टक्क्यांनी घटलं. ७० किलो वजनाच्या बाईसाठी ८ टक्के म्हणजे साधारण साडेपाच किलो.

अंग बाहेर येत असेल तर ऑपरेशनच करावं लागतं का?

थोडंच खाली आलेलं असेल आणि त्रास नसेल तर व्यायाम, बद्धकोष्ठतेवर इलाज आणि ओझं टाळणं एवढ्यावर लक्ष ठेवून राहता येतं.

पुढचा पर्याय म्हणजे पेसरी. ही सिलिकॉनची रिंग किंवा चकती असते. डॉक्टर मापानुसार ती योनीमार्गात बसवतात आणि ती अवयवांना वर धरून ठेवते. काही जणी ती स्वतः काढून, धुऊन परत बसवायला शिकतात. कल्पना फार जुनी आहे. प्राचीन ग्रीसमध्ये यासाठी अर्धं डाळिंब वापरल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे मात्र पेसरी नावाचं काही असतं, हेच अनेकींना कुणी सांगत नाही. पाळी गेलेल्यांना पेसरीबरोबर इस्ट्रोजेन क्रीमही देतात, म्हणजे नाजूक त्वचेला घासून जखम होत नाही.

एवढ्यानेही भागलं नाही तर शस्त्रक्रिया. त्यातही गर्भाशय काढणं हा एकच मार्ग नाही. गर्भाशय जागेवर ठेवून त्याला आधार देणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये मुंबईच्या डॉक्टरांचं नाव जगभर घेतलं जातं. मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गर्भाशयाच्या मुखाला घालायच्या टाक्यासाठी प्रसिद्ध आहेत. पण गर्भाशय उचलून धरणारी त्यांची 'शिरोडकर स्लिंग'ही स्त्रीरोगशास्त्राच्या पुस्तकांत शिकवली जाते. त्याच पुस्तकांत पुरंदरे यांच्या नावाची सर्व्हायकोपेक्सीही आहे. या शस्त्रक्रिया मुख्यतः तरुण स्त्रियांसाठी विकसित झाल्या. तरीही 'पिशवी खाली आली म्हणजे पिशवी काढा' याला पर्याय असतो, हे त्यातून दिसतं.

शस्त्रक्रियेत जाळी वापरणार असतील तर नीट विचारा. अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून बसवल्या जाणाऱ्या जाळीची विक्री अमेरिकेच्या नियामकाने २०१९ मध्ये थांबवली. याच संस्थेने २०१८ मध्ये योनीमार्गाच्या 'लेझर कायाकल्पा'च्या जाहिरातींबद्दलही इशारा दिला होता. कोरडेपणा किंवा लघवीच्या त्रासासाठी अशी महागडी लेझर पॅकेजेस आपल्याकडच्या शहरांतही विकली जातात. पैसे भरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पिशवी काढली की सगळेच प्रश्न मिटतात?

महाराष्ट्रात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये मोठ्या संख्येने गर्भाशय काढल्याचं उघड झालं. त्यात पाळी जायला अजून बरीच वर्षं असलेल्या तरुण बायकाही होत्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. पाळीमुळे खाडा झाला तर दंड, फडात ना पाणी ना शौचालय आणि अंगावरून पांढरं जाणं किंवा ओटीपोटात दुखणं अशा तक्रारींवर थेट पिशवी काढण्याचा सल्ला, असं ते चक्र होतं.

गर्भाशय काढणं काही वेळा खरंच गरजेचं असतं. कर्करोग, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी अशी कारणं असतात. पण पेल्विक फ्लोअरच्या दृष्टीने त्याची किंमत माहीत असावी.

गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात खाली येतं. नैसर्गिकरीत्या जो बदल होायला काही वर्षं लागतात, तो तिच्या शरीरावर अचानक कोसळतो. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. तरुण वयात हे झालं तर हाडं आणि हृदयावरही परिणाम होतो. शिवाय आधार देणारे तंतू कापले गेल्याने पुढे योनीमार्गाचा वरचा भाग खाली येऊ शकतो. आणि लघवी जाण्याचा त्रास असेल तर तो पिशवी काढल्याने थांबत नाही.

म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितली तर तीन प्रश्न विचारा: नेमकं कारण काय? दुसरा कोणता उपाय करून पाहता येईल? अंडाशयंही काढणार का, आणि का? उत्तरं पटली नाहीत तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

रोजच्या जगण्यात काय बदलता येईल?

पाणी तोडू नका. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, मूत्राशयाची जळजळ वाढते आणि बद्धकोष्ठताही होते. चहा-कॉफी मात्र कमी करून पाहा, विशेषतः संध्याकाळनंतर. जेवणात भाज्या, फळं, ज्वारी-बाजरीची भाकरी असू द्या, म्हणजे शौचाला कुंथावं लागणार नाही. जुनाट खोकल्यावर इलाज करा. मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर सोडायला मदत घ्या. जड वस्तू उचलताना शरीराजवळ धरा आणि उचलताना श्वास सोडा.

बाहेर स्वच्छतागृह नसणं हा काही एकट्या बाईने सोडवण्याचा प्रश्न नाही. मुंबईत २०११ पासून स्त्रियांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली ती याचसाठी. तासन्तास लघवी अडवून धरावी लागणं आणि त्यासाठी पाणी न पिणं, याचा थेट परिणाम मूत्राशयावर होतो.

डॉक्टरांकडे ताबडतोब कधी जायचं?

* पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी. कारण साधं असू शकतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची तपासणी व्हायलाच हवी.
* लघवीतून रक्त गेलं तर.
* लघवी अजिबात होत नसेल किंवा पूर्ण होत नाही असं वाटत असेल तर.
* लघवीच्या जळजळीबरोबर ताप, थंडी, कंबरेत दुखणं असेल तर.
* बाहेर आलेल्या भागाला जखम झाली असेल, तो आत जात नसेल तर.
* लघवी किंवा शौचावरचा ताबा अचानक गेला आणि पाय बधिर किंवा कमजोर झाले तर.

एरवी सुरुवात जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या किंवा ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञापासून करता येते. लघवीची साधी तपासणी, साखर आणि आतून एकदा केलेली तपासणी एवढ्यावर बरंच निदान होतं. मोठ्या शहरांत फक्त याच त्रासावर काम करणारे युरोगायनॅकोलॉजिस्टही असतात.

सांगायचं कसं?

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार होता. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या बायकांना त्रास होत होता, पण तो कुणाला सांगायचा आणि कुठे दाखवायचा, हाच प्रश्न होता.

त्यानंतर बरंच काही बदललं. पाळीबद्दल आता शाळांमध्येही बोललं जातं. पाळी जाण्याबद्दल आणि त्यानंतरच्या लघवीच्या त्रासाबद्दल मात्र अजूनही कुजबुजच होते.

डॉक्टरांसमोर शब्द सुचत नसतील तर एवढं एक वाक्य पुरेसं आहे: "खोकताना लघवी जाते आणि खाली जडपणा वाटतो, मला तपासून घ्यायचंय." लाज वाटत असेल तर ते कागदावर लिहून पुढे करा. आणि घरात आई, सासू, मावशी किंवा मोठी बहीण लांबच्या प्रवासाला नाही म्हणायला लागली असेल, नातवंडांबरोबर खेळताना मध्येच थांबत असेल, तर तिला एकदा शांतपणे विचारून पाहा. कदाचित कुणीतरी विचारावं, याचीच ती वाट बघत असेल.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध किंवा उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.)